युवक संघटनेची सभासद नोंदणी आणि स्वयंसेवकांचं नियोजन: ॲप घ्यायच्या आधी काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातली एक युवक संघटना, पंधरा ते तीस वयाची मुलंमुली. चार वर्षांत साताठशे नावं नोंदली गेली. त्यातली काही तीन वेगवेगळ्या वह्यांत आहेत, काही दोन गूगल फॉर्मांत, उरलेली व्हॉट्सॲप ग्रुपवर. कामाला मात्र तीस-पस्तीस जण येतात, आणि दरवेळी तेच. सचिव विचारतात की नोंदणी सुटसुटीत करायला कोणतं ॲप घ्यावं आणि स्वयंसेवकांच्या ड्यूट्या लावायची काही बरी पद्धत आहे का.

ॲपचं शेवटी बोलू. आधी तुमच्याच आकड्यांकडे बघा. साताठशे जणांनी फॉर्म भरलाय, म्हणजे फॉर्म भरून घेण्यात तुम्ही कुठं कमी पडलेला नाही. गळती त्यानंतर होतेय. नाव दिलेल्या मुलाला पुढच्या आठवड्यात कुणाचा फोन गेला? पहिलं काम कुणी दिलं, कधी दिलं? याची उत्तरं तुमच्या वह्यांत सापडत नसतील तर उद्या कितीही महागडं ॲप आणा, आठशेची बाराशे नावं होतील आणि यात्रेच्या गर्दीत होम मैदानावर ड्यूटीला उभे राहायला तीसच जण असतील.

मी बरीच वर्षं शहरातल्या एका युवक संघटनेचं दप्तर सांभाळतोय, आणि अधूनमधून इतर संस्थांच्या याद्या नीट लावून द्यायला जातो. पुढचं सगळं त्या अनुभवावरून. तुमची संस्था नोंदणीकृत आहे की नाही, अठराखालची मुलं किती, कामं शहरातच असतात की पंढरपूरपर्यंत जाता, यावर काही गोष्टी बदलतील. तुम्ही हे लिहिलेलं नाही, त्यामुळे दोन्ही बाजू धरून सांगतो.

पहिला गोंधळ सभासद आणि स्वयंसेवक एकाच यादीत घातल्याचा आहे. सभासदाचं नातं संस्थेशी असतं: तो वर्गणी भरतो, सर्वसाधारण सभेला बसतो, मत देतो. स्वयंसेवकाचं नातं कामाशी असतं. एकच माणूस दोन्ही असू शकतो, पण रक्तदान शिबिरात दिवसभर टेबल सांभाळणारी मुलगी सभासद असेलच असं नाही, आणि दहा वर्षं वर्गणी भरणारे काका कधीच ड्यूटीला येणार नाहीत, त्यात गैर काहीच नाही.

संस्था नोंदणीकृत असेल तर हा फरक कायद्याचा आहे. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 च्या कलम 15 प्रमाणे सभासद कोण, तर संस्थेच्या नियमांनुसार दाखल करून घेतलेला आणि वर्गणी भरलेला किंवा सभासदांच्या यादीवर सही केलेला माणूस. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, सभासद म्हणून मोजताही येत नाही. म्हणजे गूगल फॉर्म भरला म्हणून कुणी सभासद होत नाही. कार्यकारिणीनं अर्ज मंजूर केल्याचा ठराव इतिवृत्तात हवा, पावती हवी, नोंदवहीत सही हवी. हे कटकटीचं वाटतं खरं, पण संस्थेत दोन गट पडले आणि प्रकरण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेलं की पहिला वाद सभासद यादीवरच होतो. कार्यकारिणी बदलल्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 खाली 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला आपण सगळे चेंज रिपोर्टच म्हणतो. त्यावर हरकत आली तर निवडणुकीत मत दिलेले लोक खरोखर सभासद होते का, इथूनच सुरुवात होते. तेव्हा बांधीव नोंदवही सोडू नका. संगणकातली यादी रोजच्या कामाला, नोंदवही कायद्याला.

अठरा वर्षांखालच्यांना मताचा हक्क असलेले सभासद करू नका. तुमच्या घटनेत सहयोगी किंवा बाल सदस्य असा वर्ग असेल तर त्यात घ्या, नसेल तर नुसते स्वयंसेवक म्हणून नोंदा.

वर्गणीचं वर्ष एप्रिल ते मार्चच ठेवा, हिशेब तपासणीला ते सोपं पडतं. नूतनीकरणाची मोहीम मात्र जूनमध्ये करा, कारण कॉलेजातल्या मुलाचं वर्ष जूनला सुरू होतं. एप्रिल-मेमध्ये तो परीक्षेत तरी असतो नाहीतर गावी तरी. पैसे यूपीआयनं घेत असाल तर क्यूआर संस्थेच्या खात्याचाच हवा. खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवर ‘तात्पुरते’ घेतलेले पन्नास-पन्नास रुपये हिशेबतपासनिसाला समजावून सांगताना माणूस कितीही सरळ असला तरी घाम फुटतो.

आता नोंदणी कधी करायची ते बघू, कारण सोलापुरात आपलं कॅलेंडरच आपल्याला नडतं. 12 जानेवारी. स्वामी विवेकानंदांची जयंती, 1985 पासून राष्ट्रीय युवा दिन. त्याच तारखेला 1931 साली सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली, त्यामुळे शहरात त्या दिवशी अभिवादनाचे कार्यक्रम असतात. साहजिकच प्रत्येक संघटना त्या दिवशी नोंदणीचं टेबल टाकते. कॉलेजची मुलं आलेलीच असतात, वातावरण भारलेलं असतं, तासा-दोन तासांत शंभर फॉर्म होतात. आणि त्याच आठवड्यात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. 68 लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी. नव्या मुलांना फोन करायचा तो ज्यांनी, ते सगळे नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर ड्यूटीला. यात्रा आटपली की फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षा, त्यामागून विद्यापीठाच्या. जानेवारीत फॉर्म भरलेल्या मुलाला पहिला फोन जातो तो थेट जूनमध्ये. तोवर तो तुमच्या संघटनेचं नावही विसरलेला असतो, आणि यात त्याचा काय दोष?

म्हणून माझा सल्ला असा की 12 जानेवारीला फक्त नाव आणि नंबराची चिठ्ठी घ्या, आणि तिथंच सांगा की फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी अमुक वाजता अमुक ठिकाणी भेटू. जो येईल त्याचा फॉर्म भरा. मुख्य नोंदणी जून-जुलैत ठेवा. हे कार्यकारिणीला पटवणं सोपं जाणार नाही, कारण युवा दिनाला ‘पाचशे युवकांची नोंदणी’ ही बातमी छान दिसते. बातमी हवी की माणसं, ते त्यांना ठरवू दे.

फॉर्मवर फार वेळ घालवू नका, पण काही गोष्टी नेमक्या हव्यात. नाव दाखल्यावर असेल तसंच लिहून घ्या. शहराच्या पूर्व भागात तेलुगू आडनावं, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून आलेल्यांची कन्नड आडनावं. ऐकून लिहिणारा प्रत्येक जण वेगळं लिहितो. गड्डम, गड्डाम, गदम अशा तीन नोंदी एकाच मुलाच्या निघतात. मोबाइल नंबर विचाराल तेव्हा तो कुणाचा हेही विचारा: स्वतःचा, आईचा, वडिलांचा, भावाचा. तीन भावंडं आईच्याच नंबरवर नोंदलेली असतात, त्यामुळे मोबाइल नंबर ही ओळख धरून नक्कल शोधायला गेलात तर दोन भावंडं यादीतून उडतील. प्रत्येकाला वर्ष आणि क्रमांक जोडून स्वतंत्र नोंदणी क्रमांक द्या, 26-041 असा, आणि माणूस गेला तरी तो क्रमांक दुसऱ्याला देऊ नका. वय विचारू नका, जन्मतारीख विचारा. वय पुढच्या वर्षी चुकतं. राहण्याचा भाग लिहायला न लावता यादीतून निवडायला लावा. नाहीतर ‘जुळे सोलापूर’, ‘जुळे सोलापुर’ आणि ‘जु. सो.’ हे संगणकाला तीन वेगळे भाग वाटतात आणि विजापूर रोडच्या कामाला कुणाला बोलवायचं ते कळत नाही.

यापुढे एकच प्रश्न खरा महत्त्वाचा: मोकळा वेळ कधी असतो. यंत्रमागावर पाळीनं जाणारा मुलगा, सकाळचं कॉलेज करून दुपारी दुकानात बसणारा, घरी आईबरोबर विड्या वळणारी मुलगी, यांची मोकळी वेळ एक नसते. ‘रविवारी सकाळी सगळे मोकळे असतात’ हे धरून चाललात की कामाला फक्त कॉलेजची मुलं उरतात. तुमचे ते तीस-पस्तीस कोण आहेत, एकदा तपासून बघा.

आधारची झेरॉक्स मागू नका. तिची गरज नसते, आणि कपाटात पडलेल्या त्या गठ्ठ्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ओळख पटवायचीच असेल तर कॉलेजचं ओळखपत्र बघा आणि परत द्या. जात, उत्पन्न, बँक खातं हे पहिल्या फॉर्मात नकोच. एखाद्या योजनेच्या अहवालाला लागलं तर त्या वेळी, त्या योजनेतल्या मुलांपुरतं घ्या. फॉर्ममध्ये फोटो अपलोड करायचा रकानाही टाकू नका. गूगल फॉर्मात फाइल जोडायची तर गूगल खात्यानं लॉगिन करावं लागतं. आईच्या फोनवरून भरणारी मुलं तिथंच सोडून देतात.

अठराखालच्या मुलांबाबत मात्र जरा थांबून विचार करा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या प्रत्येकाला बालक मानतो, आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेली माहितीही त्यात येते. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत, त्यामुळे ‘आपली छोटी संस्था, आपल्याला काय’ असं म्हणून चालायचं नाही. आमच्याकडे पालकांच्या सहीचा एक पानी कागद असतो: काय माहिती घेतो, कशासाठी, कुणाकडे राहते, काढून टाकायला कुणाला सांगायचं. फोटो छापायची परवानगी त्याच कागदावर, पण वेगळ्या सहीनं. पालक मराठी वाचत नसतील तर तो कागद तेलुगूत, कन्नडात किंवा उर्दूत वाचून दाखवणारा माणूस टेबलावर हवा. मजकूर न कळता केलेली सही काही कामाची नाही.

याच्याच जोडीला सुरक्षेचं. अठराखालच्या मुलांबरोबर कधीही एकटा मोठा माणूस नको, निदान दोघं. मुली असतील तर त्यांत एक बाई किंवा मोठी मुलगी. मुलांचं काम सांभाळणाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. गैरप्रकार कळला तर ‘संस्थेत मिटवू’ हा पर्याय तुमच्याकडे नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे माहिती असणाऱ्यानं पोलिसांना कळवायलाच लागतं, न कळवणं हाच गुन्हा आहे. 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर ड्यूटीच्या प्रत्येक चिठ्ठीवर छापा.

आता मूळ मुद्दा, पहिला आठवडा. आमचा नियम असा आहे की फॉर्म आला की 48 तासांत फोन आणि पंधरा दिवसांत पहिलं काम. फोनच, मेसेज नाही. शक्यतो त्याच भागातल्या माणसानं करायचा, मुलींना मुलीनंच करायचा. आईनं उचलला तर ‘अमक्याला द्या’ म्हणून घाई करू नका, आईशीच आधी बोला. तिला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: बरोबर कोण आहे आणि किती वाजता घरी सोडणार. याचं सरळ उत्तर मिळालं की पोरगी येते. ‘बघू, कार्यक्रम संपला की’ असं उत्तर दिलं की येत नाही.

पहिलं काम दोन तासांत संपणारं असावं, ओळखीच्या एकाबरोबर असावं, आणि संपल्यावर काय झालं ते डोळ्यांना दिसावं. वाचनालयातली पुस्तकं लावणं, रक्तदान शिबिरात नावं लिहिणं, जुलैत लावलेल्या रोपांना पाणी घालून किती जगली त्याची नोंद करणं. भाषणाला प्रेक्षक म्हणून बसवणं हे काम नव्हे. पहिल्या दिवशी खुर्च्या उचलायला लावल्या म्हणून मुलं पळतात असं नाही. खुर्च्या उचलून झाल्यावर त्यांच्याशी कुणी दोन शब्द बोललं नाही की मग पळतात.

यादीत यासाठी तीन तारखांचे रकाने ठेवा: फॉर्म आला ती, फोन झाला ती, पहिलं काम झालं ती. महिन्याच्या बैठकीत बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, या तीन तारखांमधलं अंतर वाचा. अंतर वाढत चाललं असेल तर नवीन नोंदणी थांबवा. हो, चक्क थांबवा. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून एका माणसाला आठवड्याला दहा-बारा फोनच नीट जमतात. असे चार जण तुमच्याकडे असतील तर महिन्याला दीडशेच्या वर नावं घेऊन काहीच साधत नाही.

जुन्या साताठशे नावांचं काय? सगळ्या वह्या टाइप करायला बसू नका. दोन महिने जातील आणि हाती नुसती लांबलचक यादी येईल. गेल्या दीड वर्षात एकदा तरी कुठल्या हजेरीपटावर दिसलेली नावं आधी घ्या. त्यांना फोन करा, प्रत्येकापुढे एक खूण करा: येणारा, बाहेरगावी, संपर्क नाही, नको म्हणाला. ‘नको म्हणाला’ हे मान्य करून त्याची माहिती काढून टाका. फक्त तो सभासद असेल तर त्याचा लेखी राजीनामा घ्या आणि नोंदवहीतली जुनी नोंद तशीच राहू द्या. ‘बाहेरगावी’ हा गट आपल्या गावात मोठा निघेल. पदवी झाली की मुलं पुण्याला, नाहीतर हैदराबादला जातात. त्यांना यादीतून काढू नका. पोस्टर करणं, अर्ज लिहून देणं, बारावीच्या मुलांना फोनवर मार्गदर्शन करणं ही कामं ती तिथून आनंदानं करतात, आणि यात्रेला घरी आली की ड्यूटीलाही उभी राहतात. उरलेल्या वह्या कपाटात ठेवा. त्यातलं नाव कुणी विचारलं तर शोधता येईल.

ड्यूट्या लावण्याबद्दल. ग्रुपवर ‘उद्या कोण कोण येणार?’ असं टाकलं की वीस अंगठे उठतात आणि सकाळी सहा जण दिसतात. “येतो की बे, काळजी नको करू” म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याला जागा, वेळ आणि माणूस दिलेला नसतो, म्हणून त्याचं येणं हवेतच राहतं. प्रत्येक आठ-दहा स्वयंसेवकांमागे एक गटप्रमुख नेमा. गटप्रमुखानं आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन करायचा आणि चिठ्ठीवर लिहिलेलं वाचून दाखवायचं: कुठं उभं राहायचं, किती ते किती, कुणाला भेटायचं, काय करायचं, काय करायचं नाही. हे शेवटचं विसरू नका. चुकलेलं मूल सापडलं तर त्याला घेऊन पालक शोधत फिरायचं नाही, जवळच्या पोलीस मदत केंद्रात न्यायचं, हे लिहिलेलं असलं की ऐनवेळी कुणी गोंधळत नाही.

तीन तासांची पाळी पुरे. यात्रेच्या गर्दीत चौथ्या तासाला मुलं फोनमध्ये डोकं घालतात, तो त्यांचा दोष म्हणता येणार नाही. किती जणांना बोलवायचं याचं ठरलेलं गणित नाही. आमच्याकडे आठ हवे असतील तर बारा जणांना विचारतो, पण तुमचं प्रमाण तुमच्या हजेरीपटावरूनच काढा, आणि पाऊस, परीक्षा, लग्नसराई अशा दिवसांचं वेगळं काढा. आणि हो, पाण्याचा दिवस. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी घरातलं तरुण पोर पाणी भरायला लागतंच. ज्या भागात काम लावताय तिथल्या आणि जिथून मुलं येणार तिथल्या पाण्याच्या वेळा विचारून घ्या. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाला हे हास्यास्पद वाटेल. सोलापुरातल्या गटप्रमुखाला वाटणार नाही.

आषाढीला पंढरपूरला स्वयंसेवक नेत असाल तर हिशेब वेगळा. सत्तर किलोमीटरच्या आसपासचं अंतर, मुक्काम, प्रचंड गर्दी. मुक्कामाला फक्त अठरावरचेच न्या. घरच्यांचा नंबर, चालू असलेली औषधं, ॲलर्जी यांची नोंद गटप्रमुखाजवळ कागदावर हवी, कारण गर्दीत नेटवर्कचा भरवसा नसतो. प्रवास आणि नाश्ता संस्थेनं द्यावा, व्हाउचरवर सही घेऊन. ‘सेवा आहे, खर्च स्वतःचा’ म्हटलं की ज्याच्या खिशात रिक्षाचे पैसे नाहीत तो मुलगा काहीही कारण सांगून गळतो. पैशांचं कारण तो कधीच सांगत नाही. अठरावरच्यांना त्यांच्या बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यायला सांगा. वर्षाला 20 रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण, मुदत 1 जून ते 31 मे. नोंदणीची मोहीम जूनलाच असेल तर तेव्हाच विचारून घेता येतं.

हजेरी वेळेसकट लिहा: आला किती वाजता, गेला किती वाजता. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला वर्षाला 120 तास भरायचे असतात. तुमचं काम त्यात धरायचं की नाही ते त्याच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांवर आहे, त्यामुळे आधीच त्यांच्याशी बोलून ठेवा. प्रमाणपत्र हजेरीपटावरूनच द्या. एक तास येऊन फोटो काढून गेलेल्याला आणि तीन दिवस उन्हात उभ्या राहिलेल्याला सारखंच प्रमाणपत्र मिळालं, की दुसरा माणूस तुम्ही गमावलात.

व्हॉट्सॲप निरोपापुरतं ठेवा, यादी म्हणून वापरू नका. दीडशे-दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येक मुलीचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि अनोळखी मेसेज यायला लागले की ती तुम्हाला न सांगताच बाहेर पडते. कम्युनिटी केली तर तिच्या घोषणा-ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मोठे निरोप तिथं, गटप्रमुखाचा छोटा ग्रुप वेगळा.

यादी कुणाच्या खात्यावर आहे तेही आजच बघा. बहुतेक संस्थांत फॉर्म एखाद्या हुशार मुलाच्या वैयक्तिक जीमेलवर असतो. तो पुण्याला नोकरीला लागतो, फोन बदलतो, आणि चार वर्षांची नोंदणी त्याच्या विसरलेल्या पासवर्डात अडकते. संस्थेच्या नावानं एक ईमेल, संस्थेचं एक सिम, त्याचं रिचार्ज खजिनदाराच्या वार्षिक खर्चात. पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांकडे. नोंदणीप्रमुख एक आणि त्याच्या हाताखाली शिकणारा एक. मे महिन्यात हाताखालच्यानं सूत्रं घ्यायची. पूर्ण यादी बघण्याचा अधिकार या दोघांना आणि सचिवांना, गटप्रमुखाला फक्त त्याच्या गटाचं पान. फॉर्मचे प्रतिसाद ज्या पानावर येतात त्यात दुरुस्त्या करू नका. तिथून दुसऱ्या पानावर घेऊन तिथं काम करा, म्हणजे मूळ नोंद शाबूत राहते.

आता ॲप. पाचशेपर्यंत चालू नावं, एकच शाखा आणि लिहिणारे दोन-तीन हात असतील तर गूगल शीट पुरतं. तालुक्यांत शाखा निघाल्या, वर्गणी ऑनलाइन येऊ लागली, एकाच वेळी दहा जण नोंदी करू लागले, तर प्रणाली घ्यायचा विचार करा. सिव्हीसीआरएम नावाची मुक्त प्रणाली सामाजिक संस्थांसाठीच बनवलेली आहे आणि तिचा परवाना फुकट आहे, पण ती बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो, सर्व्हरचा खर्च वेगळा. कुठलीही विकतची सेवा घेतलीत तर पैसे देण्याआधी लेखी विचारा की आम्ही पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत तर आमची सगळी यादी, हजेरीसकट, एक्सेलमध्ये परत मिळेल का, आणि तुमच्याकडची प्रत किती दिवसांत पुसली जाईल. उत्तर गोलमोल आलं तर ती सेवा घेऊ नका.